उघडे आसन की बंद केबिन?
ट्रॅक्टर घेण्यापूर्वी घरात करावयाचा विचार

पूर्वी बैलजोडी घ्यावयाची असली म्हणजे दात, खूर, वशिंड आणि चाल पाहण्यास घरातील चार जाणती माणसे बाजारास जात असत. ट्रॅक्टरची खरेदी त्याहून कितीतरी मोठी. तिच्यासाठी कर्ज काढावे लागते, जमीन तारण ठेवावी लागते आणि हप्ते वर्षानुवर्षे फेडावे लागतात. असे असूनही पुष्कळ घरी ही खरेदी अश्वशक्तीचा आकडा, शेजाऱ्याकडील यंत्राचा रंग आणि विक्रेत्याचे गोड बोलणे एवढ्यावरच उरकते. जो माणूस त्यावर दिवसाचे आठ-दहा तास बसणार, त्याचे ऊन, धूळ, आवाज व अपघात यांपासून रक्षण कसे होणार, हा प्रश्न शेवटी निघतो. कित्येकदा निघतच नाही. आज आम्ही तोच प्रश्न आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या देशात गेल्या काही वर्षांत दरसाल सुमारे नऊ लाख ट्रॅक्टर विकले जात आहेत. त्यांतील बहुतेक सारे उघड्या आसनाचे असतात. परंतु अलीकडे वातानुकूलित बंद केबिनचे ट्रॅक्टरही आपल्याकडे मिळू लागले आहेत. महिंद्राच्या ‘अर्जुन नोव्हो ६०५’मध्ये तशी केबिन मिळते, जॉन डिअर व इतर कारखान्यांच्याही अशा गाड्या आहेत. प्रायः ५० अश्वशक्ती व त्याहून मोठ्या ट्रॅक्टरांनाच कारखान्यात बसविलेली केबिन असते. साहजिकच गावात कोणी असा ट्रॅक्टर आणला की पारावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘ही श्रीमंतांची चैन.’ दुसरा म्हणतो, ‘आता दिवस याचेच.’ आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करतात. बेळगाव-खानापूरकडील उसाचे व भाताचे रान, गोव्यातील खाजणे व कुळागरे आणि माळव्यातील सोयाबीन-गव्हाची काळी जमीन यांना एकच उत्तर लागू पडणार नाही.

आडोशाचा थोडा इतिहास

बंद केबिनची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिनिआपोलिस-मोलीन या कंपनीने १९३८ साली ‘कम्फर्ट्रॅक्टर’ नावाचा एक विलक्षण ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याला मोटारीसारखी बंद केबिन होती; आत ऊब देणारे यंत्र होते, पावसाचे पाणी पुसणारे वायपर होते आणि शेजारी आणखी एका माणसास बसण्याची सोय होती. दिवसा नांगरावे आणि सायंकाळी त्याच गाडीतून कुटुंबास घेऊन गावात जावे, अशी ती कल्पना. पण किंमत फार, आणि काळ मंदीचा. दीडशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि प्रयोग तेथेच संपला. आरामासाठी जादा पैसे मोजण्यास त्या वेळचा शेतकरी राजी नव्हता.

पुढे केबिन पुन्हा आली, परंतु या खेपेस ती आरामाच्या दाराने आली नाही. जीवरक्षणाच्या दाराने आली. ट्रॅक्टर उलटून त्याखाली माणसे चिरडली जात होती. स्वीडन देशाने १९५९ साली प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला चालकाचे रक्षण करणारा पोलादी सांगाडा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये हीच सक्ती १९७० साली नव्या ट्रॅक्टरांस लागू झाली. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ साली आपली संरक्षक कमान विक्रीस आणली आणि तिचा आराखडा इतर कारखानदारांनाही वापरू दिला. त्याच कंपनीने १९७२ साली ‘साउंड-गार्ड’ ही केबिन पुढे आणली. तिच्यात तो पोलादी सांगाडा, आवाज अडविणाऱ्या भिंती आणि आसनपट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. ज्या देशांनी सक्ती मनापासून अमलात आणली, तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. स्वीडनमध्ये तर ते जवळजवळ नाहीसे झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ‘एसी हवा की नको?’ हा खरेदीतील पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा : ‘हा ट्रॅक्टर उलटला तर त्यावर बसलेला माणूस जिवंत राहील काय?’

दीड सेकंदाची गोष्ट

उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली कोणी पाहिली नाहीत? चिखलात मागची चाके रुतली आणि चालकाने क्लच झटक्याने सोडला, तरी तसेच घडते. चाके फिरू शकत नाहीत. मग इंजिनाची सारी शक्ती ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलू लागते. अशा वेळी सुमारे पाऊण सेकंदात यंत्र अशा टप्प्यावर येते की तेथून ते परत खाली येत नाही, आणि सुमारे दीड सेकंदात ते पाठीवर पडलेले असते. ‘मी उडी मारीन’ असे म्हणणाऱ्या तरुणांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे; वरच्या लिंकला किंवा आसाला साखळी बांधून ओढू नये, असे जाणते मेकॅनिक सांगतात, त्याचेही कारण हेच. ओढण्याची जागा जितकी उंच, तितके पुढचे तोंड उचलण्यास सोपे. बांधाच्या, पाटाच्या किंवा कठडा नसलेल्या विहिरीच्या कडेने चालताना ट्रॅक्टर कुशीवर कलंडतो, तो प्रकार निराळा. पण शेवट तोच.

यावरचा उपाय म्हणजे आसनाच्या मागे उभी असणारी पोलादी कमान. विक्रेते तिला ‘रॉप्स’ म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ती कमान यंत्राचे ओझे स्वतःवर घेते आणि चालकाभोवती जगण्यापुरती जागा शिल्लक ठेवते. मात्र त्या जागेत चालकास धरून ठेवण्याचे काम आसनपट्टा करतो. कमान आहे आणि पट्टाही बांधला आहे, तर उलटण्याच्या अपघातात प्राणघातक इजा टळण्याची शक्यता ९९ टक्के असल्याचे अमेरिकेतील अभ्यासक सांगतात. पट्टा बांधला नाही तर चालक बाहेर फेकला जातो आणि कधी कधी त्याच कमानीखाली सापडतो. याच्या उलट, जेथे कमानच नाही किंवा घडीची कमान खाली पाडून ठेवली आहे, तेथे पट्टा बांधू नये. कारण मग तो माणसास यंत्राखालीच बांधून ठेवतो.

कारखान्यात बसविलेल्या चांगल्या केबिनीत ही कमान चौकटीतच असते. परंतु गावच्या वर्कशॉपमध्ये पत्रा, कोन आणि काच जोडून केलेली ‘केबिन’ किंवा उन्हासाठी बसविलेले छत म्हणजे संरक्षक सांगाडा नव्हे. दिसण्यात दोन्ही सारखी. ओझे पडले की एक तग धरते, दुसरी पुठ्ठ्यासारखी दबते. म्हणून ‘सांगाडा चाचणी होऊन प्रमाणित झाला आहे काय?’ हे विचारावे, त्यावरील पट्टी वाचावी आणि एकदा बसविल्यावर त्यास भोके पाडू नयेत किंवा वेल्डिंग करू नये.

कान, श्वास आणि पाठ

उलटण्याचा अपघात क्षणाचा असतो. दुसरी हानी संथपणे होते आणि म्हणूनच ध्यानात येत नाही. नांगरटीच्या ओझ्याखाली चालणाऱ्या उघड्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज पुष्कळदा ९० डेसिबलच्या वर असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते : ८८ला ४ तास, ९१ला २ तास आणि ९४ला अवघा १ तास. आपला चालक हंगामात सकाळपासून रात्रीपर्यंत बसतो. या बहिरेपणात प्रथम बारीक, उंच स्वर जातात. जेवणाच्या पंक्तीत नात काय म्हणाली हे आजोबांना दोनदा विचारावे लागते आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ वय झालेले नसते. वीस हंगाम झालेले असतात.

चांगली केबिन हा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या घरात आणू शकते. मात्र मागची काच उघडी टाकली की हा लाभ बराचसा वाया जातो. ज्यांना केबिन परवडत नाही त्यांच्यासाठीही उपाय आहे. कानात घालावयाची बोंडे किंवा कानावर बसणारी झाकणे थोड्या पैशांत मिळतात आणि ती नीट बसविली तर आवाज बराच खाली येतो. हा खर्च एका वेळच्या डिझेलहून अधिक नाही.

धुळीचेही तसेच. उन्हाळी मशागतीत रोटाव्हेटरच्या मागे जो लोट उठतो, त्यातील मोठे कण नाकात अडकतात. अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळाशी जातात. बंद केबिनीत पंखा गाळलेली हवा आत ढकलतो आणि आतील दाब किंचित अधिक ठेवतो. त्यामुळे फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी हवाच बाहेर जाते. गाळणी वेळेवर झाडली व बदलली, दारांचे रबर शाबूत ठेवले, तरच हे साधते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. केबिन म्हणजे औषधफवारणीपासून पूर्ण संरक्षण असे नव्हे. युरोपीय मानकांत केबिनींच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत संरक्षणाची हमीच नाही. दुसरी केवळ धूळ अडविते. तिसरी धूळ व फवाऱ्याचे तुषार. आणि चौथी श्रेणीच काय ती औषधाची वाफही अडविते. साधी कागदी गाळणी वाफ अडवू शकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ते बहुतांशी पाठीवरच्या पंपाने फवारीत होते. परंतु श्वासावाटे व कातडीवाटे विष कसे भिनते, हे त्या हंगामाने साऱ्या महाराष्ट्रास दाखविले. केबिन असो वा नसो, हातमोजे, योग्य मुखपट्टी आणि अंगभर कपडे यांस पर्याय नाही. आणि औषधाने भिजलेल्या कपड्यांनीच केबिनीत चढले, तर बाहेरचे विष आपणच आत नेऊन बसविले असे होईल.

राहिली पाठ. आपल्या कण्यास दर सेकंदास चार ते आठ वेळा बसणारे हादरे सर्वांत अधिक जाचतात. केबिनीमुळे हे हादरे आपोआप कमी होत नाहीत. ते कमी होतात स्प्रिंगच्या चांगल्या आसनाने, चाकांतील योग्य हवेने आणि बेताच्या वेगाने. उघड्या ट्रॅक्टरलाही चांगले आसन बसविता येते. ते चालकाच्या वजनाप्रमाणे बेतून घ्यावे.

केबिन कोठे अडते

आता दुसरी बाजू. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या मांडवाखालून जो ट्रॅक्टर फिरतो, तो लहान व बुटका असावा लागतो. तेथे केबिनीचे नाव काढणेच नको. गोव्यातील कुळागरात सुपारी-नारळाच्या ओळी, आडव्या फांद्या आणि उतरते पाट यांतून उंच काचेची पेटी नेणे म्हणजे रोज एक काच फोडणे. अशा ठिकाणी घडीची कमान असलेला उघडा ट्रॅक्टरच योग्य. मात्र झाडांखालून बाहेर आल्याबरोबर कमान पुन्हा उभी करण्याची सवय हवी. भाताच्या चिखलणीत हलके यंत्र बरे. केबिनीचे वजन वरच्या बाजूस पडते आणि रुतण्याचे भय वाढविते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पत्रा व तारा लवकर गंजतात, हेही विसरू नये.

उन्हाचा विचार करताना लक्षात ठेवावे की वातानुकूलनाशिवाय बंद काचेची केबिन म्हणजे वैशाखातील भट्टी. यंत्र बिघडले की चालक दारे उघडी टाकतो आणि मग धूळ, आवाज व ऊन तिन्ही परत येतात. वातानुकूलनास इंजिनाची काही शक्ती व थोडे डिझेल लागते. त्याची जाळी धुळीने भरते, ती रोज झाडावी लागते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. दुरुस्ती करणारा जवळच्या तालुक्याच्या गावी नसेल, तर ऐन पेरणीत गाडी उभी राहील.

शिवाय बंद केबिनीत बसलेल्यास बाहेरची हाक ऐकू येत नाही. मागे अवजार जोडणारा माणूस ‘थांब’ म्हणून ओरडला तर? पी.टी.ओ.चा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ९. पदर, धोतराचा सोगा किंवा ओढणी त्यात सापडली की सावरण्यास वेळच नसतो. म्हणून केबिनीच्या चालकाने हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात, चाल सुरू करण्यापूर्वी हॉर्न द्यावा आणि चालू दांड्याजवळ कोणास जाऊ देऊ नये. गाडी पाण्यात पडली तर कोणत्या काचेतून बाहेर यावयाचे, हेही आधीच पाहून ठेवावे.

उघड्या ट्रॅक्टरचा सर्वांत मोठा दोष मात्र यंत्राचा नाही, आपल्या सवयीचा आहे. त्याच्या मडगार्डवर लहान मुले बसतात. ‘जरा फेरी मारून आणतो’ म्हणून बाप किंवा मामा लाडाने घेऊन जातो. एक खड्डा, एक झोका, आणि मूल मागच्या चाकाखाली! ट्रॅक्टरवर आसन एकच असते. ज्यास आसन नाही त्याने चढू नये, हा नियम आयांनीच घरात घालून द्यावा. केबिनीच्या दारामुळे पडण्याचे हे भय पुष्कळ कमी होते, हा तिचा फारसा कोणी न सांगितलेला गुण आहे.

पैशाचा हिशेब

केबिनीच्या व साध्या ट्रॅक्टरच्या किमतीतील फरक लाखांच्या भाषेत बोलावा लागतो. केवळ उदाहरणादाखल तो २ लाख रुपये धरू. एखाद्या घरी ट्रॅक्टर वर्षाला ३०० तास चालत असेल, तर दहा वर्षांत ३,००० तास होतात, आणि केबिनीचा भार ताशी सुमारे ६७ रुपये पडतो. जो भाड्याने काम करतो व वर्षाला १,००० तास गाडी चालवितो, त्याला तोच भार ताशी २० रुपये पडतो. व्याज व दुरुस्ती वेगळी. तेव्हा स्वतःच्या चार-पाच एकरांपुरते काम असणाऱ्याने केबिनीसाठी कर्ज वाढवू नये. ज्याचा चालक माळावर उन्हातान्हात वर्षभर बसतो, त्याने तिला चैन म्हणू नये. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यातून वाचलेल्या रकमेतील काही भाग कमान, चांगले आसन व कानांची झाकणे यांकडे गेला, तर तो सत्कारणी लागेल.

या हिशेबात एक गोष्ट मात्र लपून राहते. पैसे देणारा आणि आसनावर बसणारा ही पुष्कळदा दोन निराळी माणसे असतात. मालक ओट्यावर बसून ठरवितो की ‘केबिनीवाचून काही अडत नाही’, आणि धूळ खातो तो मजुरीचा चालक. त्याचे कान गेले, पाठ गेली, तर तो काम सोडून जातो आणि दुसरा येतो. ते नुकसान मालकाच्या वहीत कोठेच लिहिले जात नाही. पण ते कोणाच्या तरी घरात लिहिले जातेच. ज्याच्या श्रमावर आपले शेत उभे आहे, त्याचे शरीर हेही आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे, असे आम्हांस वाटते. ‘माझा मुलगाच रोज येथे बसणार असता, तर मी कोणता ट्रॅक्टर घेतला असता?’ हा प्रश्न प्रत्येक मालकाने सही करण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

आमचा सल्ला

सारांश असा. उघडा असो वा बंद, प्रमाणित संरक्षक कमान व आसनपट्टा यांवाचून ट्रॅक्टर घेऊ नये. जुन्या ट्रॅक्टरला त्याच जातीची प्रमाणित कमान मिळत असल्यास बसवून घ्यावी. फळबागा, मांडव, चिखल व लहान तुकडे असतील तर कमानीचा उघडा ट्रॅक्टर, वर छत, कानांना झाकण व नाकाला मुखपट्टी एवढे पुरे. मोठी रुंद राने, धुळीची मशागत, रात्रीची लांब वाहतूक, वर्षभराचे भाड्याचे काम आणि जवळ दुरुस्तीची सोय असेल, तर कारखान्याची केबिन घ्यावी व तिची गाळणी आणि काच यांची निगा ठेवावी. वर्कशॉपच्या पत्र्यावर जीव टाकू नये.

आणि विक्रेत्याकडे जाताना जो रोज गाडी चालविणार आहे, त्यास बरोबर न्यावे. दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर त्यास तासभर तरी बसू द्यावे; चढता-उतरता पाय कोठे पडतो, मागचे अवजार दिसते की नाही, पट्टा हातास लागतो की नाही, हे त्याचे त्यास पाहू द्यावे. त्याचे मत ऐकून मगच किमतीची घासाघीस सुरू करावी.